‘समुद्रकाठचा संन्यासी’ : ज्या चित्रात काहीच नाही, त्याचा अर्थ कसा लावावा?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : कास्पार डाविड फ्रीडरिश या जर्मन चित्रकाराचे ‘समुद्रकाठचा संन्यासी’ हे चित्र एका पुस्तकात एकाकीपणाचे म्हटले आहे, दुसऱ्यात मृत्यूचे आणि तिसऱ्यात ईश्वरनिष्ठेचे, पण प्रत्यक्ष चित्र समोर घेऊन बसले की आपल्याला वाळूची एक पट्टी, पाण्याची एक पट्टी आणि वर आकाश एवढेच दिसते, मग उत्तरपत्रिकेत नेमका कोणता भाव लिहावा? कलेतिहास शिकवण्यात आणि स्वतः निसर्गचित्रे रंगवण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. त्या अनुभवावरून सांगतो की आपल्याला जे ‘काहीच नाही’ दिसले, तिथूनच या चित्राचा अर्थ लावायला सुरुवात करावी. त्या तीन पुस्तकांपैकी कोणतेही चुकीचे नाही, पण तिन्ही पुस्तके शेवटच्या पायरीवरून बोलत आहेत. या चित्रातला भाव त्यात काय काढले आहे यापेक्षा त्यातून काय काढून टाकले आहे यावर उभा आहे, आणि ते काय काय होते हे आज बऱ्याच प्रमाणात सांगता येते.

आधी चित्र नीट पाहू. फ्रीडरिशने ते १८०८ ते १८१० या काळात ड्रेस्डेनमध्ये रंगवले. तैलरंगातील हा कॅनव्हास ११० सेंटिमीटर उंच आणि १७१.५ सेंटिमीटर रुंद असून तो बर्लिनच्या आल्टे नॅशनलगॅलरीत आहे. खाली फिकट वाळूचा उंचवटा आहे, जो डाव्या बाजूला किंचित टोकदार होतो. त्या टोकाजवळ लांब झगा घातलेली एक इवलीशी पाठमोरी आकृती उभी आहे. पलीकडे जवळजवळ काळा दिसणारा समुद्र, त्यावर लाटांच्या फेसाचे पांढरे ठिपके आणि काही समुद्रपक्षी आहेत. उरलेला भाग, म्हणजे चित्राच्या तीन चतुर्थांशांहून अधिक, आकाशाचा आहे : खाली दाट आणि धुरकट, वर जाता जाता उजळत निळे होणारे. पुस्तकातल्या पोस्टकार्डाएवढ्या छापील प्रतीत ही आकृती कित्येकदा शाईच्या डागासारखी दिसते. प्रत्यक्ष चित्रापासून दीड मीटरवर उभे राहिले, तर त्याची रुंदी आपल्या नजरेतले सुमारे ६० अंश व्यापते, आणि तेवढ्या रुंदीत मधे काहीही उभे नाही ही गोष्ट डोळ्यांना शारीरिकरीत्या जाणवते. म्हणून छापील प्रतीवरून ‘काही दिसले नाही’ याचा दोष आपण स्वतःकडे घेऊ नये.

‘संन्यासी’ या शब्दाविषयी एक खुलासा आवश्यक आहे, कारण आपल्याकडे हा शब्द उच्चारला की भगवी छाटी डोळ्यांपुढे येते आणि ‘भिक्षू’ म्हटले की बौद्ध विहार. चित्रातली आकृती ख्रिस्ती मठवासीयाची आहे. १८१० च्या प्रेक्षकांनी तिला कापुचिन या कॅथलिक पंथाचा साधू म्हणून ओळखले. मात्र फ्रीडरिश स्वतः कॅथलिक नव्हता. बाल्टिक समुद्राकाठच्या ग्राइफ्सवाल्ड गावी, त्या वेळच्या स्वीडिश पोमेरेनियात, १७७४ साली एका ल्यूथरपंथी (प्रोटेस्टंट) साबण आणि मेणबत्त्या बनवणाऱ्याच्या घरी त्याचा जन्म झाला. त्या भागातले मठ सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेबरोबरच संपले होते. गावाजवळचा एल्डेना मठ त्याने लहानपणापासून पडक्या भिंतींच्या रूपातच पाहिला. म्हणजे त्या किनाऱ्यावर मठवासी साधू उभा असणे हे तिथल्या प्रेक्षकाला रोजचे दृश्य वाटणे शक्य नव्हते. हा माणूस कोळी नाही, प्रवासी नाही, तिथला रहिवासीही नाही. तो कोणत्याही कामासाठी तिथे आलेला नाही, आणि ज्या काळाचा त्याचा वेश आहे तो काळही मागे पडला आहे.

आता काढून टाकण्याचा मुद्दा. अठराव्या शतकाच्या अखेरीस निसर्गचित्राची एक घडी युरोपात पक्की बसलेली होती, आणि तिचे मूळ सतराव्या शतकात रोममध्ये काम करणाऱ्या क्लोद लोरँच्या चित्रांत आहे. पुढे एका बाजूला गडद झाड किंवा भग्न कमान, मधल्या पट्ट्यात पाणी, पूल, गुरे, माणसे, आणि दूर निळसर होत जाणारे डोंगर. पुढचे झाड नजरेला आत ढकलते, मधले पाणी तिला वळण देते आणि दूरचे डोंगर तिला विसावा देतात. कलाशाळेत पहिल्या वर्षी आपल्याला ‘पुरोभूमी, मध्यभूमी, पार्श्वभूमी’ म्हणून जे घोकायला लावतात, त्यात ही घडी अजून शिल्लक आहे. फ्रीडरिशने ती मोडल्याचा पहिला गवगवा या चित्रापूर्वीच झाला होता. १८०८ च्या नाताळात त्याने आपल्या चित्रशाळेत ‘टेचेन वेदीचित्र’ दाखवले, ज्यात फर वृक्षांनी वेढलेल्या डोंगरमाथ्यावर क्रूस आहे आणि त्यामागे मावळत्या सूर्याचे किरण. जानेवारी १८०९ मध्ये रामडोर नावाच्या समीक्षकाने त्यावर सविस्तर टीका लिहिली. निसर्गचित्राने चर्चमध्ये शिरून वेदीवर चढून बसणे हा त्याला उद्धटपणा वाटला, पण त्याची तितकीच मोठी तक्रार कारागिरीची होती : चित्रात अंतराचे टप्पे नाहीत, हवेचा पडदा नाही, नजरेला आत जायला वाट नाही. रामडोरला हल्ली सगळे हसतात. मला मात्र वाटते की त्याने अगदी अचूक पाहिले होते, फक्त जे दिसले त्याला त्याने चूक ठरवले. ‘समुद्रकाठचा संन्यासी’ त्याच महिन्यांत चित्रफलकावर होते, आणि टीकेनंतर फ्रीडरिशने वाट करून देण्याऐवजी उरलीसुरली वाटही बुजवली.

हे अनुमानावर सांगत नाही. अवरक्त किरणांनी रंगाखालचे रेखाटन पाहण्याची सोय झाल्यावर असे दिसून आले की या समुद्रावर सुरुवातीला शिडाची जहाजे होती. ती फ्रीडरिशने रेखाटली आणि नंतर समुद्र व आकाशाच्या रंगाखाली गाडून टाकली. आकाशावरही त्याने पुन्हा पुन्हा काम केले. निसर्गचित्र करणाऱ्याला याचा अर्थ लगेच कळेल. समुद्राच्या चित्रात जहाज हे फार उपयोगी पडते : त्याच्या आकारावरून अंतर कळते, त्याचा डोलखांब क्षितिजाला छेदून चित्राला एक उभी रेषा देतो, शिडावरून वाऱ्याची दिशा कळते, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गोष्ट सुरू होते. कोणीतरी निघाले आहे, कोणीतरी परत येत आहे, किनाऱ्यावरचा माणूस कोणाची तरी वाट पाहतो आहे. जहाज असते तर संन्याशाच्या मनात काय चालले आहे ते आपण एका वाक्यात सांगू शकलो असतो. जहाज गेले आणि ते वाक्यही गेले. फ्रीडरिशला जहाजांचे वावडे होते असे मुळीच नाही. १८३५ च्या सुमारास काढलेल्या, आज लाइप्झिगमध्ये असलेल्या ‘आयुष्याचे टप्पे’ या चित्रात किनाऱ्यावर पाच माणसे आणि पाण्यावर पाच जहाजे आहेत, आणि कोणते जहाज कोणाचे हे प्रेक्षकाने जुळवावे अशीच त्याची मांडणी आहे. तेव्हा या चित्रातून ती काढणे हा निर्णय होता.

या निर्णयाचा परिणाम चित्र पूर्ण होण्याआधीच एका प्रेक्षक स्त्रीने लिहून ठेवला आहे. ड्रेस्डेनमधील चित्रकार गेरहार्ड फॉन क्यूगेलगेन याची पत्नी मारी हेलेने हिने १८०९ मध्ये फ्रीडरिशच्या चित्रशाळेत हे चित्र पाहिले आणि एका पत्रात त्याबद्दल तक्रार केली. तिच्या म्हणण्याचा आशय असा : एवढे अफाट आकाश, पण त्यात वारा नाही, चंद्र नाही, वादळ नाही; वादळ असते तरी दिलासा वाटला असता, कारण मग कुठेतरी हालचाल आणि जीव दिसला असता; त्या अंतहीन समुद्रावर होडी नाही, जहाज नाही, एखादा समुद्रराक्षससुद्धा नाही, आणि वाळूत गवताचे पाते नाही. ‘वादळ असते तरी दिलासा वाटला असता’ हे निरीक्षण मला कोणत्याही समीक्षकाच्या वाक्यापेक्षा मोलाचे वाटते. तिने भाव ओळखण्याची घाई केली नाही. ती काय शोधत होती आणि काय मिळाले नाही याची तिने यादी केली, आणि त्या यादीतूनच चित्राचा भाव आपसूक पुढे आला. उत्तर लिहिताना हीच पद्धत वापरावी अशी माझी शिफारस आहे.

आता क्षितिजरेषेकडे येऊ, कारण या चित्रातला सर्वांत सूक्ष्म बदल तिथे आहे आणि पुस्तके त्यावर फारशी थांबत नाहीत. यथार्थदर्शनाचा (पर्स्पेक्टिव्हचा) साधा नियम असा की सपाट समुद्राची क्षितिजरेषा ही पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या पातळीवर असते. दूर उभ्या असलेल्या माणसाचे डोके त्या रेषेच्या खाली राहिले, तर आपले डोळे त्याच्या डोक्यापेक्षा वर आहेत असा त्याचा अर्थ होतो. या चित्रात संन्याशाचे डोके क्षितिजाला छेदत नाही. तो काळ्या समुद्राच्या पट्टीतच बुडालेला राहतो. म्हणजे आपण त्याच्याहून उंचावरून पाहत आहोत. पण आपण उभे कुठे आहोत? आपल्या पायाखालचा खडक, टेकाड, पायवाट, यांतले काहीच फ्रीडरिशने चितारलेले नाही; वाळू चित्राच्या खालच्या कडेला येऊन तुटते. प्रेक्षकाला उंची मिळते, जमीन मिळत नाही. चित्र पाहताना जी एक अस्थिरता वाटते, पुष्कळांना जी ‘उदास’ या शब्दात मांडावीशी वाटते, तिचे निदान निम्मे कारण हे आहे असे मी समजतो.

याच कलावंताचे अधिक प्रसिद्ध चित्र, म्हणजे १८१७-१८ च्या सुमाराचे, हॅम्बुर्गच्या संग्रहालयातले ‘धुक्याच्या सागरावरील प्रवासी’, शेजारी ठेवून पाहिले तर फरक स्पष्ट होतो. तिथे चौकट उभी आहे, माणूस मधोमध खडकावर रोवून उभा आहे, डोंगरांच्या उतरत्या रेषा दोन्ही बाजूंनी त्याच्या छातीशी येऊन मिळतात आणि त्याचे डोके आकाशात आहे. पाठमोरा तोही आहे, एकटा तोही आहे. तरीही ते चित्र हल्ली आत्मविश्वासाच्या जाहिरातींना आणि पुस्तकांच्या मुखपृष्ठांना चालते, आणि संन्याशाचे चित्र तसे कोणी वापरताना क्वचितच दिसते. ‘पाठमोरी आकृती म्हणजे एकाकीपणा’ असे समीकरण मांडणाऱ्याने ही दोन चित्रे एकदा जवळ ठेवावीत.

चित्र १८१० च्या शरद ऋतूत बर्लिनच्या कला अकादमीच्या प्रदर्शनात लागले. तेव्हा कवी आणि नाटककार हाइनरिश फॉन क्लाइस्ट ‘बर्लिनर आबेंडब्लेटर’ हे छोटे सायंदैनिक चालवत होता. क्लेमेन्स ब्रेन्टानो आणि आखिम फॉन आर्निम या दोन लेखकमित्रांनी त्याला या चित्रावर एक लेख दिला, ज्यात बहुतांश भाग चित्रासमोर येऊन काहीबाही बोलणाऱ्या प्रेक्षकांच्या गमतीदार संवादांचा होता. क्लाइस्टने त्याची सुरुवात ठेवली, संवाद गाळले आणि पुढचे स्वतः लिहून १३ ऑक्टोबर १८१० च्या अंकात छापले. लेखकद्वय साहजिकच रागावले आणि क्लाइस्टला पुढे खुलासा द्यावा लागला. संपादकाने केलेली ही ढवळाढवळ कलासमीक्षेच्या पथ्यावर पडली, एवढे मात्र खरे.

लेखाच्या ब्रेन्टानोकडून आलेल्या सुरुवातीत एक विलक्षण निरीक्षण आहे. समुद्राकाठी उभे राहून दूर पाहण्यात काय असते? आपण पलीकडे जाऊ पाहतो, जाता येत नाही, आणि तरीही लाटांच्या आवाजात, वाऱ्यात, ढगांत जीवनाची हाक ऐकू येते. चित्रासमोर हे शक्य नव्हते, असे तो म्हणतो. त्याच्या म्हणण्याचा आशय असा : जे चित्रात सापडायला हवे होते ते मला चित्र आणि मी यांच्या मधल्या जागेत सापडले : माझ्या मनाने चित्राकडे केलेली मागणी, आणि चित्राने मला दिलेला नकार. त्यामुळे मीच तो कापुचिन झालो, चित्र वाळूचा उंचवटा झाले, आणि जिकडे ओढीने पाहायचे तो समुद्र मात्र तिथे नव्हताच. इथून पुढे क्लाइस्ट स्वतःच्या आवाजात लिहितो. जगात अशी जागा वाट्याला येण्याहून दुःखद आणि अस्वस्थ करणारे काही नाही, मृत्यूच्या अफाट राज्यातली ही एकुलती एक जीवाची ठिणगी, एकाकी वर्तुळाचा एकाकी केंद्रबिंदू. आणि चित्राला पुरोभूमी म्हणून चौकटीखेरीज काहीच नसल्याने, ते पाहताना कोणी आपल्या पापण्या कापून टाकल्या आहेत असे वाटते.

पापण्यांची ही प्रतिमा भयंकर आहे म्हणून प्रसिद्ध झाली, पण ती तितकीच नेमकीही आहे. पापणी दोन कामे करते : डोळा मिटते, आणि उघडा असताना नजरेला वरून-खालून कड देते. जुन्या निसर्गचित्रातली बाजूची झाडे आणि पुढची गडद जमीन चित्राच्या पापण्यांचे काम करत होती. फ्रीडरिशने त्या काढल्यावर चित्राची कड कुठे येते? लाकडी चौकटीवर. म्हणजे आकाश आणि क्षितिज चौकटीपाशी संपत नाहीत, तिथे फक्त कापले जातात, आणि ते डावी-उजवीकडे तसेच चालू आहेत असे आपल्या मनाला वाटत राहते. क्लाइस्टच्या वाक्यात भाव आणि रचना एकाच शब्दात आल्या आहेत. उत्तरपत्रिकेत ‘चित्रातून एकाकीपणा व्यक्त होतो’ असे लिहिणाऱ्याला मी निम्मे गुण देतो. ‘दोन्ही बाजूंना रोखणारे काही नसल्याने नजर थांबत नाही, आणि म्हणून एकाकीपणा जाणवतो’ असे लिहिणाऱ्याला पूर्ण. क्लाइस्टने पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १८११ मध्ये, बर्लिनजवळच्या तळ्याकाठी आत्महत्या केली. काही लेखक त्याच्या शब्दांतला अंधार त्यामुळे चित्राच्या माथी मारतात. ते करू नये.

स्वतः चित्रकाराचे म्हणणे उपलब्ध आहे, आणि ते क्लाइस्टच्या अर्थापेक्षा वेगळ्या दिशेला जाते. फ्रीडरिशने चित्र चालू असताना एका पत्रात त्याचे वर्णन केले : काळ्या झग्यातला एक माणूस विचारमग्न होऊन किनाऱ्यावर चालतो आहे, भोवती समुद्रपक्षी ओरडत आहेत, जणू त्याला त्या खवळलेल्या समुद्रावर जाऊ नकोस असे बजावत आहेत. मग तो थेट त्या माणसालाच संबोधतो. तू सकाळपासून संध्याकाळपर्यंत, संध्याकाळपासून मध्यरात्र उलटेपर्यंत विचार करत बसलास, तरी पलीकडच्या अगम्याचा तुला थांग लागणार नाही. तुझ्या पावलांचे ठसे वाळूत खोल उमटले आहेत खरे, पण त्यावरून हलकासा वारा वाहील आणि ते दिसेनासे होतील. अहंकाराने फुगलेल्या मूर्ख माणसा! या शब्दांत करुणेपेक्षा दटावणी अधिक आहे. पोकळ अभिमानाला समुद्रापुढे आणून उभे करणारा हा सूर तुकोबांच्या अभंगांवर वाढलेल्या वाचकाला मुळीच परका वाटणार नाही. मात्र लक्षात घ्यावे की पत्रातले विधान चित्रात जसेच्या तसे उतरलेले नाही. चित्रातला माणूस चालत नाही, थांबला आहे. त्याच्या चेहऱ्यावर अहंकार आहे की शरणागती, हे पाहायला चेहराच दिलेला नाही. चित्रकाराचे पत्र हा भक्कम पुरावा आहे, पण तो चित्राच्या एका टप्प्याचा पुरावा आहे.

चरित्रातून अर्थ काढण्याचा मोह इथे फार होतो. सातव्या वर्षाच्या आत आई गेली. १७८७ साली, तो तेरा वर्षांचा असताना, धाकटा भाऊ बर्फ फुटून त्याच्या डोळ्यांदेखत बुडाला. आणि हे चित्र चालू असतानाच, १८०८ च्या डिसेंबरात बहीण आणि १८०९ च्या नोव्हेंबरात वडील वारले. या घटना खऱ्या आहेत आणि त्या वाचून चित्राकडे परत गेल्यावर ते अधिक जड वाटते, हेही खरे. तरी माझा अनुभव असा की विद्यार्थी भावाच्या बुडण्याचे वाक्य लिहिले की चित्र पाहणे थांबवतात. शोक पुष्कळांना झाला, त्यांच्यापैकी कोणी जहाजे पुसली नाहीत.

धार्मिक संदर्भ मात्र गाळू नये, कारण तो चित्राच्या जागेशी बांधलेला आहे. फ्रीडरिश बाल्टिकमधल्या ज्या रुगेन बेटावर वारंवार रेखाटने करायला जाई, तिथल्या आल्टेनकिर्खेन गावाचा पाद्री आणि कवी कोझेगार्टन हेरिंग मासळीच्या हंगामात कोळ्यांना चर्चमध्ये बोलावण्याऐवजी किनाऱ्यावरच प्रवचन देई. समुद्र हाच ग्रंथ आणि आकाश हेच मंदिर मानणारा हा विचार त्या भागात रुजलेला होता. या अंगाने पाहिले तर रिकामे आकाश ईश्वराच्या अभावाची खूण राहत नाही. ज्याचे चित्र काढताच येत नाही त्याच्यासाठी मोकळी ठेवलेली जागा ठरते. १८१० च्या प्रदर्शनात याच मापाचे दुसरे चित्र जोडीला होते, ‘ओकवनातील मठ’ : बर्फ, पाने झडलेले ओक वृक्ष, एल्डेनाच्या भग्न भिंतीसारखी एक भिंत, आणि तिच्या दारातून शवपेटी घेऊन जाणारी संन्याशांची रांग. काहींच्या मते पहिल्या चित्रातल्या संन्याशाचीच ती अंत्ययात्रा आहे. मी एवढे ठाम म्हणणार नाही, पण ही दोन चित्रे वेगळी करून शिकवण्याची आपल्याकडची पद्धत नक्कीच चुकीची आहे. पहिल्यात प्रश्न विचारणारा एकटा माणूस आहे, दुसऱ्यात त्याच प्रश्नासमोर विधी करत चाललेला समुदाय. ती जोडी पंधराव्या वर्षाच्या उंबरठ्यावरच्या युवराजाच्या आग्रहावरून प्रशियाचा राजा तिसरा फ्रीडरिश विल्हेल्म याने विकत घेतली. राणी लुइझे त्याच जुलैमध्ये वारली होती, आणि १८०६ साली नेपोलियनकडून झालेल्या पराभवानंतर राजघराणे बर्लिनला परतून जेमतेम वर्ष होत होते. पराभूत राज्यातल्या, आईविना झालेल्या मुलाने ही चित्रे मागावीत, यावर मी अधिक भाष्य करत नाही.

या चित्राबद्दल विचारताना ‘उदात्त’ (इंग्रजीत ‘सब्लाइम’) हा शब्द आपण वापरलात, त्याबद्दल सावध करतो. तत्त्वचिंतक एडमंड बर्कने १७५७ मध्ये आणि कांटने १७९० मध्ये ज्या अनुभवाची चर्चा केली, त्यात आपल्याला चिरडू शकेल अशा प्रचंड गोष्टीपुढे सुरक्षित अंतरावरून उभे राहण्याची थरथर आहे. मराठीत ‘उदात्त’ म्हटले की उदात्त विचार, उदात्त चारित्र्य, असा नैतिक उंचीचा अर्थ आधी येतो आणि भीती गळून पडते. रसांच्या भाषेत बोलायचे तर अद्भुत आणि भयानक यांची ती सरमिसळ आहे, पण फ्रीडरिशच्या चित्रात ती सरमिसळही अपुरी पडते, कारण भयानकाला लागणारे वादळ त्यात नाही. फ्रीडरिशच्या काळातल्या स्वच्छंदतावादी (रोमँटिक) चित्रांबाबत ‘ओढ’ हा शब्दही सर्रास वापरला जातो. ओढ कशाची तरी असते, घराची, माणसाची, दूरच्या गावाची. इथे पोहोचण्यासारखे काहीच ठेवलेले नाही. माझ्या मते आपल्या भाषेतला ‘हुरहूर’ हा शब्द सर्वांत जवळ जातो. तिला कारण सांगता येत नाही आणि दिशाही नसते. आपण हाच शब्द वापरावा असा आग्रह नाही, मात्र जो शब्द निवडाल तो चित्रातल्या कोणत्या अभावातून आला ते लगेच पुढे लिहावे.

विसाव्या शतकात अमेरिकन समीक्षक रॉबर्ट रोझनब्लम याने १९६१ मध्ये या चित्राची सांगड अमूर्त चित्रकार मार्क रॉथकोच्या आडव्या रंगपट्ट्यांशी घातली आणि तेव्हापासून ‘अमूर्ततेची सुरुवात’ असे त्याला म्हटले जाते. तुलना डोळ्यांना पटते, आणि रॉथकोच्या चित्रासमोर प्रेक्षकच संन्यासी होतो हे म्हणणेही सुंदर आहे. तरी फ्रीडरिश अमूर्त चित्र काढत नव्हता. त्याच्या त्या तीन पट्ट्या बाल्टिकची वाळू, पाणी आणि हवा आहेत, आणि ती छोटी आकृती काढून टाकली तर चित्र कोसळते. अंगठ्याने ती झाकून पाहा : समुद्र लगेच साधा समुद्र होतो, किती मोठा ते कळेनासे होते, आणि पक्षी कुठेतरी उडणारे ठिपके राहतात.

शेवटी रंगाविषयी, कारण आपण पाठवलेल्या उत्तराच्या मसुद्यात ‘करड्या-तपकिरी रंगांतून निराशा व्यक्त केली आहे’ असे वाक्य आहे. ते बहुधा जुन्या छापील प्रतीवरून आले असावे. या चित्रावर पिवळे पडलेले वार्निश आणि नंतरच्या काळात केलेले रंगलेप होते. बर्लिनच्या संग्रहालयातील दुरुस्तीतज्ज्ञांनी ते काळजीपूर्वक दूर केल्यावर २०१६ मध्ये चित्र पुन्हा दालनात लागले, तेव्हा आकाशातली निळाई आणि खालच्या ढगांपलीकडचा उजेड कितीतरी मोकळा झालेला दिसला. तेव्हा उत्तर पक्के करण्यापूर्वी दुरुस्तीनंतरचे छायाचित्र मिळवावे, शक्यतो मोठ्या पडद्यावर पाहावे, आणि वरच्या कडेजवळच्या निळ्या भागाकडे पाहून ‘निराशा’ हा शब्द ठेवायचा की बदलायचा ते ठरवावे. मी तो बदलला असता.